कोपेनिकचा कप्तान



१९०६ सालच्या ऑक्टोबर महिन्याची सोळावी तारीख. बर्लिन शहराच्या एका अंगाला, सैनिकांच्या पोहण्याच्या तलावावरील पहारा संपवून परतणारी शिपायांची एक लहानशी तुकडी रस्त्यानें चालली होती. वाटेंत एका कप्तानानें तिला थांबविलें. कप्तानाचें वय उतरलेलें, पाय किंचित् वांकलेले, मिशा पिकलेल्या. परंतु अंगावर डगला होता तो प्रशियाच्या पहिल्या पायदळ गार्ड पलटणीचा. सम्राटांच्या आज्ञेनें तुम्ही आतां माझ्या ताब्यांत आहां, असें त्यानें सांगितलें आणि शिपायांनीं टाचा जुळविल्या. आज्ञापत्र दाखवा, असें कोणी म्हटलें नाहीं. जवळच्या दुसऱ्या पहाऱ्यावरचे आणखी कांहीं शिपाई त्यानें बोलावून घेतले, साऱ्यांना आगगाडींत बसविलें आणि कोपेनिक या गांवीं नेलें. कोपेनिक हें त्या वेळीं बर्लिनच्या आग्नेयेस असलेलें एक स्वतंत्र नगर होतें. १९२० सालीं तें बर्लिनमध्यें सामील झालें.

नगरपालिकेच्या कचेरीच्या दारांवर संगिनी उभ्या राहिल्या. नगराध्यक्ष लांगरहान्स आणि खजिनदार फोन विल्टबर्ग यांना अटक झाली. तिजोरींतील साडेतीन हजारांहून अधिक मार्क कप्तानसाहेबांनीं मोजून घेतले आणि रीतसर पावतीहि दिली. दोघां कैद्यांना पहाऱ्यांत बर्लिनच्या मुख्य लष्करी चौकीकडे रवाना केलें, उरलेल्या शिपायांना आणखी अर्धा तास कचेरी राखण्याचा हुकूम दिला, आणि स्वारी एकटीच आगगाडीच्या स्टेशनाकडे चालूं लागली. कैदी बर्लिनच्या चौकीवर पोंचले, तेव्हां साऱ्यांना कळून चुकलें कीं असा कोणताहि हुकूम सुटलेला नाहीं, आणि असा कोणी कप्तानहि नाहीं!

दहा दिवसांनीं, २६ ऑक्टोबरला, पोलिसांनीं त्याला पकडलें. तो होता विल्हेल्म फोइग्ट नांवाचा सत्तावन्न वर्षांचा एक मोची. आयुष्यांत एक दिवसहि त्यानें सैन्यांत चाकरी केली नव्हती. परंतु आयुष्याचा मोठा भाग तुरुंगांत मात्र काढला होता.

या प्रसंगावर १९३१ सालीं जर्मनींत एक नाटक झालें आणि त्याच वर्षीं त्या नाटकावरून एक बोलपट निघाला. दोहोंचें नांव एकच: ‘कोपेनिकचा कप्तान’. या बोलपटासंबंधीं आज मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. ही कथा विनोदी आहे, आणि बोलपटाच्या पंचवीस वर्षें आधीं घडून गेलेल्या प्रसंगाची म्हणून ऐतिहासिकहि आहे. परंतु ती पाहून हंसतां हंसतां मनुष्य एकदम गप्प कां होतो, हें सांगावें असा माझा हेतु आहे.

प्रथम या फोइग्टची हकीकत ऐकावी. त्याचा जन्म १८४९ सालीं पूर्व प्रशियांतील टिल्झिट या गांवीं झाला. वयाच्या चौदाव्या वर्षीं चोरीबद्दल त्याला पहिली शिक्षा झाली, आणि पुढें चोऱ्या, खोटे दस्तऐवज अशा गुन्ह्यांसाठीं एकामागून एक शिक्षा होत गेल्या. शेवटची शिक्षा पंधरा वर्षांची होती. ती भोगून तो १९०६ सालच्या फेब्रुवारींत सुटला. मग त्यानें विस्मार या गांवीं एका मोच्याच्या दुकानांत प्रामाणिकपणें काम धरलें. परंतु जुना कैदी म्हणून पोलिसांनीं त्याला त्या प्रांतांतून हद्दपार केलें. तो बर्लिनजवळ आपल्या बहिणीकडे आला. ऑगस्टमध्यें बर्लिनमधूनहि त्याला हद्दपारीचा हुकूम मिळाला. आगींतून निघावें आणि फुफाट्यांत पडावें, तशी ही गति!

येथें त्या वेळच्या प्रशियाच्या कारभाराचें एक मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्याच्यापाशीं रहिवासाचा दाखला नाहीं त्याला कोणी कामावर ठेवीत नसे. आणि ज्याच्यापाशीं काम नाहीं त्याला रहिवासाचा दाखला मिळत नसे. परदेशीं जावें म्हटलें तर पासपोर्ट हवा. आणि पासपोर्ट मिळावयाचा तर एकाद्या गांवचा रहिवासी असल्याचा पुरावा हवा. म्हणजे मनुष्यानें राहूंहि नये आणि जाऊंहि नये! हें कोणा एका दुष्ट अधिकाऱ्याचें कृत्य नव्हतें. प्रत्येक कारकून आपापल्या टेबलापुरता अगदीं बरोबर वागत होता. नेमकें हेंच नाटककाराच्या दृष्टीस पडलें.

तो नाटककार म्हणजे कार्ल झुकमायर. ऱ्हाइन नदीच्या कांठच्या नाकेनहाइम गांवीं १८९६ सालीं जन्मलेला, पहिल्या महायुद्धांत आघाडीवर लढलेला आणि ‘नील देवदूत’ या गाजलेल्या बोलपटाच्या पटकथेंत हात असलेला हा लेखक. कोपेनिकच्या प्रकरणावर नाटक लिहावें ही सूचना त्याला फ्रिट्स कोर्टनर या नटानें केली. ५ मार्च १९३१ रोजीं बर्लिनच्या ‘डॉइचेस थिएटर’मध्यें हाइन्त्स हिल्पर्ट यांच्या दिग्दर्शनाखालीं त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. झुकमायरनें त्याला ‘एक जर्मन परीकथा’ असें उपनांव दिलें होतें, आणि तें अगदीं सार्थ आहे. परीकथेंत जादूची टोपी असते ना? ती घातली कीं मनुष्य अदृश्य होतो. येथें जादूचा डगला आहे. तो घातला कीं अदृश्य असलेला मनुष्य दिसूं लागतो!

धोंड्याला शेंदूर फासला कीं त्याचा देव होतो, असें आपल्याकडे म्हणतात. झुकमायरच्या कथानकांत या शेंदराचीच गोष्ट मोच्याच्या गोष्टीबरोबर समांतर चालते. पॉट्सडॅमच्या वोर्म्सर नांवाच्या शिंप्याच्या दुकानांत फोन श्लेटो या कप्तानासाठीं एक नवा डगला शिवला जातो. पाठीमागच्या बटणांमधील अंतर नियमाहून केसभर अधिक झालें म्हणून कप्तान अस्वस्थ होतो. पुढें हाच कप्तान एकदां साध्या पोषाखांत कॉफीगृहांत गेला असतां दारू प्यालेल्या एका शिपायाशीं त्याची झटापट होते. अंगावर गणवेश नसल्यामुळें त्याला कोणी कप्तान म्हणून ओळखीत नाहीं, आणि या अप्रतिष्ठेमुळें त्याला नोकरी सोडावी लागते. डगला शिंप्याकडे परत येतो. तेथून तो ओबरम्युलर नांवाच्या, राखीव सैन्यांत लेफ्टनंट झालेल्या गृहस्थाकडे जातो. हाच गृहस्थ पुढें कोपेनिकचा नगराध्यक्ष होतो. त्याचें पोट सुटतें, डगला अंगांत मावेनासा होतो, आणि पुन्हां शिंप्याकडे येतो. मग एका नाचाच्या समारंभांत सोंगाचा पोषाख म्हणून तो मिरवतो, त्यावर मद्य सांडतें, आणि अखेर जुन्या कपड्यांच्या दुकानांत तो खुंटीला लटकत राहतो. तेथें आपला मोची त्याला विकत घेतो.

आतां यांतील खोंच पाहा. तोच डगला अंगांत घालून कोपेनिकच्या कचेरींत शिरलेला मनुष्य ज्याला अटक करतो, तो नगराध्यक्ष एके काळीं त्याच डगल्यांत छाती फुगवून फिरलेला आहे! खरा फोइग्ट निरनिराळ्या दुकानांतून एकेक वस्तु जमवीत गेला होता. एका डगल्याचा हा प्रवास हें नाटककाराचें कल्पित आहे. परंतु तें कल्पित इतिहासाहून अधिक बोलकें आहे.

नाटक गाजत असतांनाच बोलपटाची तयारी झाली. पटकथा स्वतः झुकमायर आणि आल्ब्रेख्ट योझेफ यांनीं लिहिली. दिग्दर्शन केलें रिशार्ड ओस्वाल्ड यांनीं. हे मूळचे व्हिएन्नाचे, आणि मूकपटांच्या काळापासून समाजाला अप्रिय अशा विषयांना हात घालण्याबद्दल प्रसिद्ध असलेले. २२ डिसेंबर १९३१ रोजीं बर्लिनमध्यें हा बोलपट प्रथम दाखविण्यांत आला. या प्रसंगावर चित्रें पूर्वींहि निघालीं होतीं. १९२६ सालीं तर एक मूकपट झाला होता. परंतु ही गोष्ट मुळांत आवाजाची आहे, हें बोलपट आल्यावरच कळलें.

असें पाहा: फोइग्ट जेव्हां दाखल्यासाठीं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो, तेव्हां तो बर्लिनच्या गल्लीबोळांतील बोलींत, टोपी हातांत धरून, वाक्य अर्धवट सोडीत बोलतो. समोरचा अधिकारी मान वर न करतां तुटक उत्तरें देतो. पुढें डगला अंगावर चढल्यावर तोच मनुष्य तुटक बोलूं लागतो, आणि तेच अधिकारी चांचरूं लागतात. हुकुमाची ही भाषा तो शिकला कोठें? तुरुंगांत! तुरुंगाचा अधिकारी लष्करी थाटाचा. सेदानच्या विजयाच्या वार्षिक दिनीं तो कैद्यांकडून त्या लढाईचा देखावा करवून घेतो, आणि पलटणी, हुद्दे व हुकूम यांचें सारें ज्ञान त्यांना देतो. ज्या सरकारनें त्याला नागरिक होऊं दिलें नाहीं, त्याच सरकारनें त्याला कप्तान होण्यास शिकविलें. प्रेक्षक येथें पोट धरून हंसतात. परंतु त्या हंसण्यांत एक कडू घोट आहेच.

फोइग्टची भूमिका रंगभूमीवर प्रथम वेर्नर क्राउस या नामांकित नटानें केली. त्याच्यामागून ती माक्स आडाल्बर्टकडे आली, आणि पडद्यावरहि तीच निवड झाली. आडाल्बर्ट हा बर्लिनचा लाडका विनोदी नट. तो या भूमिकेंत विनोद करीत नाहीं, हीच त्याची थोरवी. गणवेश चढविल्यावरहि तो खराखुरा कप्तान दिसत नाहीं. डगला त्याच्या अंगावर टांगल्यासारखा वाटतो, आणि डोळ्यांतला थकवा जात नाहीं. पाहणाऱ्याच्या मनांत येतें, अरे, हें सोंग एखाद्या लहान मुलानेंहि ओळखावें! आणि मग ध्यानांत येतें कीं कोणी त्याच्या तोंडाकडे पाहतच नाहीं. सारे त्याच्या बटणांकडे पाहत आहेत. नगराध्यक्षाची भूमिका करणारे माक्स ग्युल्स्टोर्फ यांनीं गोंधळलेल्या, सभ्य, घाबरट अधिकाऱ्याचें चित्रहि तितकेंच उत्तम रेखाटलें आहे.

परंतु कथेचें काळीज या प्रहसनांत नाहीं. तें आहे फोइग्टच्या बहिणीच्या घरीं. तिचा नवरा होप्रेख्ट हा सरळ, पापभीरु, कायद्याला देव मानणारा मनुष्य. त्याची भूमिका फ्रीडरिश काइस्लर यांनीं केली आहे. त्या घरांत एक आजारी मुलगी आश्रयाला आहे. फोइग्ट तिच्या उशाशीं बसून तिला ग्रिम बंधूंची ब्रेमेन शहराच्या गायकांची गोष्ट वाचून दाखवितो. म्हातारीं झालेलीं, धन्यांना नकोशीं झालेलीं जनावरें मरणाची वाट न पाहतां नवें आयुष्य शोधावयास निघतात, अशी ती कथा. मुलगी वांचत नाहीं. तिला मूठमाती देऊन तो परततो, त्याच सुमारास हद्दपारीचा हुकूम त्याच्या हातीं पडतो.

मग दोघां मेहुण्यांचा संवाद होतो. होप्रेख्ट म्हणतो कीं अन्याय झाला तरी सहन करावा, कारण व्यवस्था राहिली पाहिजे. मनुष्यानें व्यवस्थेंत बसलें पाहिजे. तो हें ढोंगानें बोलत नाहीं. त्याची स्वतःची बढती नुकतीच हुकलेली आहे, आणि तरी त्याची श्रद्धा ढळलेली नाहीं. फोइग्ट उत्तर देतो कीं व्यवस्था मलाहि हवी; पण आधीं मनुष्य आहे आणि मग व्यवस्था. मरणानंतर देवानें विचारलें कीं दिलेल्या आयुष्याचें काय केलेंस, तर काय सांगूं? तुरुंगांत बसून लोकांचीं पायपुसणीं विणलीं, एवढेंच? या उद्गारापाशीं प्रेक्षागृहांतील हंशा थांबतो. यापुढें तो डगला विकत घेतो तें पैशाच्या लोभानें नव्हे, तर देवापुढें कांहीं तरी हिशेब देतां यावा म्हणून, अशी आपली खात्री पटते.

अशी खात्री नाटककार पटवितो. इतिहास मात्र इतका कोमल नाहीं. खऱ्या फोइग्टनेंहि आपल्याला पासपोर्ट हवा होता असें सांगितलें. परंतु कोपेनिकच्या कचेरींत पासपोर्ट देण्याचें खातेंच नव्हतें, आणि तो रिकाम्या हातानें परतला नव्हता. झुकमायरनें या चोराला संत केलें, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सर्वस्वीं निराधार म्हणतां यावयाचा नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं फोइग्ट चोर होता हें मान्य करूनहि मूळ प्रश्न शिल्लक राहतो. शिक्षा भोगून आलेल्या चोरानें जगावें कोठें? संताला दाखला द्यावयास कोणतेंहि सरकार तयार असतें. कायद्याची परीक्षा नको असलेल्या माणसापाशींच होते.

आणि मग येतो तो शेवट. नाटकांत फोइग्ट पासपोर्ट मिळण्याच्या आश्वासनावर आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. अधिकारी त्याला पुन्हां एकदां तो डगला घालावयास सांगतात. तेव्हां तो आरसा मागतो, कारण त्या दिवशीं त्यानें स्वतःला एकदांहि पाहिलें नव्हतें. आरशांत तें ध्यान पाहून तो प्रथम स्तब्ध होतो, आणि मग हंसूं लागतो, हंसतच राहतो.

त्या वेळीं सारी जर्मनी हंसली होती. खऱ्या फोइग्टला १ डिसेंबर १९०६ रोजीं चार वर्षांची शिक्षा झाली. परंतु लोकप्रियता एवढी वाढली कीं १९०८ सालच्या ऑगस्टमध्यें कैसर दुसरा विल्हेल्म यानें त्याला माफी दिली. पुढें तो गांवोगांव फिरून स्वतःचीं छायाचित्रें सही करून विकूं लागला. १९१० च्या सुमारास लक्झेंबर्गमध्यें त्याला खरेखुरे कागद मिळाले, आणि तेथेंच १९२२ सालीं तो दारिद्र्यांत वारला. कैसरहि या प्रकरणावर हंसला होता असें सांगतात. आपले प्रजाजन किती आज्ञाधारक आहेत, याचें त्याला कौतुक वाटलें असेल! येथेंच विनोदाची मर्यादा दिसते. एकाच प्रसंगावर गरीबहि हंसतो आणि राजाहि हंसतो. पण दोघे एका गोष्टीला हंसत नाहींत.

बोलपट निघाला त्या हिंवाळ्यांत जर्मनींत सुमारें साठ लाख लोक बेकार होते. कामासाठीं दारोदार फिरणारा मनुष्य म्हणजे काय, हें प्रेक्षागृहांतल्या कित्येकांना सांगावें लागत नव्हतें. आणि रस्त्यांतून नवे गणवेश फिरूं लागले होते. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलरच्या हातीं सत्ता आली. म्हणजे बोलपटाला पुरे चौदा महिनेहि झाले नव्हते. त्याच वर्षीं २१ जूनपासून सुमारें आठवडाभर खुद्द कोपेनिकमध्यें हिटलरच्या गणवेशधारी स्वयंसेवकांनीं विरोधकांच्या घरांत शिरून शेंकडों लोकांना पकडून नेलें, त्यांचा अनन्वित छळ केला आणि कित्येकांचे प्राण घेतले. त्या आठवड्याला जर्मन इतिहासांत कोपेनिकचा रक्तसप्ताह म्हणतात. त्याच गांवीं पुन्हां एकदां गणवेशानें दार ठोठावलें. या वेळीं हंसण्यासारखें कांहीं नव्हतें.

बोलपटाशीं संबंध असलेल्यांची कशी पांगापांग झाली पाहा. झुकमायरच्या नाटकांवर बंदी आली. तो प्रथम ऑस्ट्रियांत, मग स्वित्झर्लंडमार्गें अमेरिकेंत गेला आणि तेथें व्हरमाँटमध्यें शेतीवर राहिला. ज्यू असलेल्या ओस्वाल्डना देश सोडावा लागला. शिंप्याची भूमिका करणारे हेर्मान व्हालेंटिन १९४५ सालीं तेल अवीव येथें वारले. आडाल्बर्ट १९३३ सालच्या सप्टेंबरांतच मरण पावला. आणि रंगभूमीवरचा पहिला फोइग्ट, वेर्नर क्राउस? त्यानें १९४० सालीं नाझी राजवटीच्या ज्यूद्वेषी ‘ज्यू स्यूस’ या चित्रपटांत कामें केलीं. गणवेशाच्या मोहाची एवढी नेमकी थट्टा ज्याच्या मुखानें झाली, त्यालाहि ती थट्टा वांचवूं शकली नाहीं.

ओस्वाल्डनीं परदेशांत गेल्यावर हीच कथा पुन्हां चित्रित केली. नायकाच्या भूमिकेंत होता आल्बर्ट बासेरमान, तोहि देशांतरास गेलेला. कागदपत्रांवांचून मनुष्य किती निराधार असतो, हें आतां ते सारे स्वानुभवानें जाणत होते. तो चित्रपट अमेरिकेंत १९४५ सालीं दाखविला गेला. पुढें १९५६ सालीं पश्चिम जर्मनींत हेल्मुट कॉय्टनर यांनीं हाइन्त्स र्‍यूमान या नटाला घेऊन रंगीत चित्रपट केला. तो जगभर गाजला. तो पाहावा, परंतु १९३१ चा जुना बोलपट आधीं पाहावा. सुदैवानें तो टिकून आहे. त्यांत तंत्राची सफाई कमी असेल; पण करणाऱ्यांना आपण कोणत्या विस्तवाजवळ उभे आहों याची जाणीव होती, ती त्याच्या प्रत्येक प्रवेशांत दिसते.

असो. आज कोपेनिकच्या त्याच कचेरीच्या दाराशीं विल्हेल्म फोइग्टचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. ज्याला राहण्याचा दाखला मिळाला नाहीं, तो तेथला कायमचा रहिवासी झाला आहे! प्रवासी त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्रें काढतात आणि हंसतात. त्यांनीं हंसावें, विनोदी कथेचा तो हक्कच आहे. परंतु आपल्यापैकीं जे कोणी कचेरींत बसतात, कागदांवर सह्या करतात, किंवा खिडकीपलीकडच्या माणसाला उद्यां या म्हणून सांगतात, त्यांनीं घरीं जाण्यापूर्वीं एकदां त्या खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे पाहावें. फोइग्टनें आयुष्यभर याहून अधिक कांहीं मागितलें नव्हतें.